चाळीच्या गॅलरीतला मूकपट : नवरा-बायकोच्या गैरसमजांवर दहा मिनिटांचा विनोदपट कसा करावा

नवरा-बायकोचे गैरसमज आणि माणसांची अदलाबदल या विषयावर मूकपट करायचा असेल, तर एक गोष्ट आधी मनाशी पक्की करावी : गोंधळ पात्रांचा व्हावा, प्रेक्षकाचा एक क्षणही होऊ नये. रेनकोटच्या आत कोण आहे, दारामागे कोण लपले आहे, हातातली पुडी कुणासाठी आणली आहे, हे प्रेक्षकाला ठाऊक असते आणि पात्राला नसते. त्या अंतरातूनच हसू उगवते. प्रेक्षक जर शेजाऱ्याला विचारू लागला की ‘हा कुणाचा नवरा?’, तर पुढची सगळी धावपळ आणि पडझड फुकट जाते. गिरगावातल्या आमच्या चाळीत आम्ही पहिला प्रयत्न केला तेव्हा हीच चूक झाली होती. दोन्ही नवऱ्यांना पांढरे सदरे घातले होते, दोघांनाही मिशा होत्या, आणि चौकात बसलेल्या मंडळींना चौथ्या मिनिटापासून कोण कोणाच्या खोलीत शिरला हे कळेनासे झाले. पुढे जे लिहिले आहे ते त्या अनुभवातून आणि नंतर केलेल्या दोन मूकपटांतून आले आहे.

या प्रकारासाठी मुंबईइतकी सोयीची जागा मिळणे अवघड आहे. राजा हरिश्चंद्र ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कॉरोनेशन चित्रगृहात लोकांसमोर आला आणि १४ मार्च १९३१ रोजी आलम आरा गिरगावातल्याच मॅजेस्टिकमध्ये लागला. म्हणजे आपल्याकडच्या मूकपटांचा आरंभ आणि बोलपटाचे आगमन या दोन्ही घटना एकमेकींपासून चालत जाण्याच्या अंतरावर घडल्या. परंतु खरी सोय इतिहासाची नाही, चाळीच्या रचनेची आहे. प्रहसनाला दारे लागतात, आणि चाळीत एका ओळीत सारखी दिसणारी आठ-दहा दारे, त्यांच्यापुढे लांबच लांब गॅलरी, दोन टोकांना दोन जिने आणि समोर चौकापलीकडे दुसरी गॅलरी असते. समोरच्या गॅलरीत ट्रायपॉड लावला की एका चौकटीत तीन दारे, एक जिना आणि ये-जा करणारी सगळी माणसे मावतात. एक माणूस पहिल्या दारातून बाहेर पडतो त्याच क्षणी दुसरा तिसऱ्या दारातून आत शिरतो, आणि प्रेक्षक दोघांनाही पाहत असतो. हे दृश्य उभे करण्यासाठी स्टुडिओत मोठा खर्च करून सेट लावावा लागला असता. चाळ नसेल तर टॉवरमधले फ्लॅटही चालतात, कारण सातव्या आणि आठव्या मजल्यावरचे दार, पायपुसणे आणि आतली बैठकीची खोली हुबेहूब सारखी असते. मात्र तिथे दोन मजले एका चौकटीत दिसत नाहीत, त्यामुळे प्रेक्षकाला मजल्याचा आकडा पुन्हा पुन्हा दाखवावा लागतो.

कथा लिहिताना पहिला प्रश्न हा विचारावा की पात्रे दोन शब्द बोलून घोटाळा मिटवत का नाहीत. मूकपटातली माणसे मुकी नसतात, ती बोलत असतात. फक्त आपल्याला ऐकू येत नाही. त्यामुळे ‘बोलता येत नाही म्हणून गैरसमज’ हे कारण खोटे पडते. गप्प राहण्याला पात्राकडे स्वतःचे कारण हवे, आणि ते कारण चांगल्या मनातून आलेले असेल तर प्रेक्षक दोन्ही बाजूंना सारखा जीव लावतो. आम्ही वापरलेली कथा उदाहरणादाखल देतो. दुसऱ्या मजल्यावर शेजारी शेजारी दोन जोडपी राहतात : वसंता आणि नलू, मधू आणि कुसुम. वसंता-नलूच्या लग्नाचा वाढदिवस उद्यावर आलेला आहे. नलू शिवणकाम करते. तिला वसंतासाठी कोट शिवायचा आहे, पण त्याला कळू न देता माप कसे घ्यायचे, म्हणून ती त्याच्याच अंगलटीच्या मधूचे माप घेते. वसंताने नलूसाठी साडी आणली आहे, ती कशी दिसेल हे पाहण्यासाठी तो कुसुमला पदर खांद्यावर घेऊन दाखवायला सांगतो. कुसुम दारातून पाहते तो नलूचे दोन्ही हात आपल्या नवऱ्याच्या छातीभोवती आहेत. मधू खिडकीतून पाहतो तो आपली बायको नवी साडी खांद्यावर घेऊन वसंतासमोर उभी आहे. चौघांपैकी कुणीही वाईट नाही, दोघांना आपले गुपित उद्यापर्यंत सांभाळायचे आहे, आणि उरलेल्या दोघांना विचारायची लाज वाटते. एवढ्या भांडवलावर दहा मिनिटे आरामात निघतात.

या कथेत घोटाळा वस्तूंमध्ये राहतो हे लक्षात घ्यावे. मापाची टेप, साडीचा पदर, आणि पुढे येणारे दोन रेनकोट यांच्यावाचून तो उभाच राहिला नसता. ही युक्ती आपल्या रंगभूमीला जुनी ठाऊक आहे. गोविंद बल्लाळ देवल यांचे संगीत संशयकल्लोळ १९१६ साली रंगभूमीवर आले, परंतु त्याआधीच्या त्यांच्या गद्य नाटकाच्या नावातच ‘तसबिरीचा घोटाळा’ होता. फ्रेंच नाटककार मोलिएरच्या १६६० सालच्या प्रहसनापासून इंग्रजी रूपांतरामार्गे देवलांपर्यंत आलेल्या या कथेत एक तसबीर भलत्या हातात पडते आणि दोन घरांत संशय पेटतो. संशय मनातला असतो, तो छायाचित्रात येत नाही. तसबीर मात्र दिसते, हातातून हातात जाते, लपवता येते, सापडते. मूकपटकाराने प्रत्येक भावनेला अशी एक वस्तू शोधून द्यावी. वस्तू सापडत नसेल तर तो प्रसंग कथेतून काढून टाकावा.

माणसांची अदलाबदल तीन प्रकारे होते, आणि तिन्हींची अवघडता वेगवेगळी आहे. पहिला प्रकार हुबेहूब दिसणाऱ्या दोघांचा. चॅप्लिनने १९२१ च्या द आयडल क्लासमध्ये श्रीमंत नवरा आणि भटक्या अशा दोन्ही भूमिका स्वतः केल्या, आणि बायको भटक्यालाच नवरा समजते. हा प्रकार मोबाइलवरही करता येतो : ट्रायपॉड तसूभरही न हलवता एकदा चौकटीच्या डाव्या अर्ध्यात आणि एकदा उजव्या अर्ध्यात चित्रण करावे आणि संकलनात दोन्ही अर्धे जोडावेत, मध्ये दाराची चौकट किंवा खांब आला तर सांधा लपतो. तरीही नवशिक्यांनी या वाटेला जाऊ नये असे माझे मत आहे, कारण चेहरा एकच असताना प्रेक्षकाला दोघे वेगळे ओळखू येण्यासाठी चालण्यात आणि उभे राहण्यात जो फरक आणावा लागतो तो फार कसलेल्या नटालाच जमतो. आपल्याकडे अण्णा साळुंके यांनी १९१७ च्या लंका दहनमध्ये राम आणि सीता अशा दोन्ही भूमिका केल्या होत्या. पती आणि पत्नी एकाच देहातून उभे करणे ही केवढी कठीण गोष्ट असेल याचा विचार अभिनय करणाऱ्याने जरूर करावा.

दुसरा प्रकार रूप बदलण्याचा आहे, आणि मला तो सर्वांत देखणा वाटतो. अमेरिकन विनोदनट चार्ली चेसच्या १९२६ सालच्या माइटी लाइक अ मूस या लिओ मॅकॅरी दिग्दर्शित लघुपटात नवऱ्याचे दात पुढे आलेले असतात आणि बायकोचे नाक मोठे असते. दोघेही एकमेकांना न सांगता शस्त्रक्रिया करून घेतात, बाहेर भेटतात तेव्हा एकमेकांना ओळखत नाहीत आणि एकमेकांवरच भाळतात. दोघेही स्वतःच्या जोडीदाराशी प्रतारणा करत असतात, तीही स्वतःच्याच जोडीदाराबरोबर. पुढे नवऱ्याच्या आधी लक्षात येते, आणि तो खोटे दात लावून-काढून जुना नवरा आणि नवा प्रियकर यांची मारामारी एकटाच रंगवतो. नवशिक्याने हा लघुपट पाहताना दोन गोष्टी टिपाव्यात : दोघांचा दोष अगदी समसमान ठेवला आहे, आणि दोघांची ओळख पटवणारी खूण प्रत्येकी एकच आहे, नाक आणि दात. अशी एकच ठळक खूण निवडणे हे या साऱ्या कलेचे मर्म आहे.

तिसरा प्रकार झाकण्याचा, आणि तो मुंबईच्या पावसाने आपल्याला आयता दिलेला आहे. जुलै महिन्यात लोकलमधून उतरणारी निम्मी माणसे पाठीमागून सारखीच दिसतात : काळा रेनकोट, डोक्यावर टोपी, हातात पिशवी. आमच्या कथेत वसंता आणि मधू यांचे रेनकोट एकाच दुकानातले आहेत आणि गॅलरीत एकाच खुंटीवर टांगलेले असतात. मधूच्या रेनकोटला पाठीवर फाटले होते म्हणून कुसुमने पांढरी चिकटपट्टी लावली आहे, आणि ती पट्टी लावताना आम्ही पहिल्याच मिनिटात, मोठ्या क्लोजअपमध्ये, सहा सेकंद दाखवली. मधूची पावले वाजताच वसंता साडीची पुडी घेऊन घाईने पळतो आणि पट्टीचा रेनकोट चढवतो. कुसुमला पाठीवर पट्टी दिसते, ती त्याला आपला नवरा समजते आणि ओढत खोलीत नेते. वसंता वळून तोंड दाखवू शकत नाही, कारण रेनकोटच्या पुढच्या बाजूला साडीची पुडी लपवलेली आहे. तिकडे उरलेल्या रेनकोटातल्या मधूला पाठमोरा पाहून नलू त्याला वसंताच समजते, घाबरते आणि अर्धा शिवलेला कोट पाठीमागे लपवत लपवत भिंतीला टेकून सरकत राहते. वेषभूषेचे काम एवढेच की रेनकोट उतरल्यावर क्षणात फरक कळावा. वसंताला धोतर आणि मिशी दिली, मधूला चौकड्यांचा शर्ट, पायजमा आणि गुळगुळीत चेहरा. चित्र कृष्णधवल करणार असाल तर कपडे निवडताना मोबाइलचा कृष्णधवल फिल्टर लावून पाहावे, कारण लाल आणि हिरवा असे डोळ्याला पूर्ण वेगळे वाटणारे रंग त्यात एकाच करड्या छटेचे होतात. रंगावर विसंबू नये. काठ, चौकडी आणि पट्टे यांवर विसंबावे.

चित्रणाचा क्रम आता सांगतो, कारण गैरसमजाचा प्रसंग इथेच साधतो किंवा बिघडतो. आधी खरे दाखवावे, मग खोटे. नलू माप घेते तो प्रसंग आम्ही प्रथम बाजूने घेतला : टेप स्पष्ट दिसते, मधू हात वर करून अवघडून उभा आहे, नलूच्या दातांत पेन्सिल आहे. त्यानंतर कॅमेरा कुसुमच्या डोळ्यांच्या जागी, दारात, तिच्याच उंचीवर नेला. तिथून नलूची पाठ दिसते, दोन हात मधूभोवती गेलेले दिसतात आणि टेप अजिबात दिसत नाही. मग कुसुमचा चेहरा. हा क्रम उलटा केला तर प्रेक्षकालाही संशय येतो आणि दृश्य विनोदी न राहता करुण होते. नेमक्या याच्या उलट, म्हणजे प्रेक्षकालाच फसवणारी युक्ती चॅप्लिनने वर सांगितलेल्या चित्रपटात एकदा केली आहे : बायको सोडून गेल्याची चिठ्ठी वाचून नवरा पाठमोरा होतो, त्याचे खांदे हुंदक्यांनी हलतात असे वाटते, आणि तो वळतो तेव्हा कळते की तो पेय घुसळत आहे. अशी फसवणूक पूर्ण मूकपटात एकदाच चालते, आणि तीही एखाद्याच्या स्वभावाबद्दल. कोण नेमका कोण आहे याबद्दल कधीही नाही.

धावपळ आणि पडण्याची दृश्ये नखशिखांत घ्यावीत. पाय चौकटीबाहेर गेले की पडण्यातली गंमत जाते, कारण शरीराचा तोल सुटताना दिसणे हाच विनोद आहे. वेगाविषयी एक गैरसमज रूढ आहे की मूकपटातली माणसे मुळातच भराभर चालत. हाताने फिरवल्या जाणाऱ्या कॅमेऱ्यात सेकंदाला अनेकदा सोळा-अठरा चौकटी, म्हणजे फ्रेम, घेतल्या जात आणि दाखवताना त्या अधिक वेगाने पळवल्या जात; विनोदपटांत हे जाणूनबुजूनही केले जाई. सेकंदाला अठरा चौकटींनी घेतलेले चित्र चोवीसने दाखवले तर ते सुमारे एक तृतीयांशाने जलद होते. मोबाइलवर पंचवीस चौकटींनी चित्रण करून संकलनात वेग ११५ ते १२५ टक्के करावा; पाठलागाला थोडा जास्त, चेहऱ्यावरच्या भावाला मुळीच नाही. नटांनी मात्र नेहमीपेक्षा किंचित सावकाश आणि स्पष्ट हालचाली कराव्यात. खोलीत जुनी ट्युबलाइट असेल तर शटर, म्हणजे एका चौकटीवर प्रकाश पडण्याचा वेळ, १/५० किंवा १/१०० सेकंदावर ठेवावे, कारण आपल्याकडची वीज पन्नास हर्ट्झची असल्याने अन्य वेगांवर चित्र लुकलुकते.

पडण्याचा सराव स्वतंत्र दिवशी, गादीवर करावा. अशा पडझडीच्या विनोदाला म्हणतात तो स्लॅपस्टिक हा शब्द ज्यावरून आला ते साधन म्हणजे जुन्या इटालियन प्रहसनातल्या नटाच्या हातातल्या दोन चपट्या पट्ट्या; मारल्यावर आवाज मोठा यायचा आणि लागायचे नाही. आवाज मोठा आणि इजा शून्य, हाच नियम आजही आहे. पडताना गुडघे आधी वाकवावेत, हनुवटी छातीला टेकवावी, नितंबाच्या एका बाजूवर बसत पाठीवर लोळावे. ताठ हात टेकून पडू नये, मनगट मोडते. गॅलरीच्या ओल्या लाद्यांवर खरोखर घसरू नये. लादी कोरडी ठेवून पाणी फक्त बादलीतून सांडताना दाखवावे आणि गादी चौकटीच्या खालच्या कडेबाहेर ठेवावी. जुन्या चाळींचे लाकडी कठडे वाळवीने पोखरलेले असतात, त्यांच्यावर कुणीही रेलू नये, लहान मुलांना तर त्या बाजूला उभेही करू नये. आणि आणखी एक गोष्ट मी आग्रहाने सांगतो : बायकोने लाटणे उगारणे किंवा नवऱ्याने बायकोवर हात उचलणे ही हशा मिळवण्याची जुनी सवय मोडून काढावी. पडावे ते सगळ्यांनी आणि स्वतःच्या घाईने. कुसुम रागाने पाय आपटत निघते आणि स्वतःच सुकत घातलेल्या चादरीत गुरफटते, यात ती हास्यास्पद होत नाही, ती आपलीच कुणीतरी वाटते.

परवानगीबद्दल थोडक्यात. चाळीतल्या सर्व बिऱ्हाडांना आधी सांगावे, मालकाची किंवा सोसायटीच्या सचिवांची परवानगी लेखी घ्यावी आणि सकाळी पाणी येण्याच्या वेळा टाळाव्यात. रस्त्यावर किंवा स्थानकात चित्रण करायचे तर रीतसर शासकीय परवानगी लागते; आम्ही कथा गॅलरीबाहेर जाऊच दिली नाही.

पाट्या, म्हणजे दृश्यांमधले लिखित मजकूर, जितक्या कमी तितके चांगले. दहा मिनिटांना आठ पुरतात. पाटीवर बारा शब्दांपेक्षा अधिक नसावेत आणि ती सावकाश एकदा मोठ्याने वाचून होईल इतका वेळ पडद्यावर राहावी. त्या काळी थिएटरात कुणीतरी पाटी वाचून दाखवत असे, आणि आजीआजोबांसाठी आम्हीही तसेच करतो. जे डोळ्यांना दिसते ते पाटीत लिहू नये. ‘कुसुमला संशय येतो’ ही पाटी निरुपयोगी आहे. ‘उद्या बारा वर्षे होतील. त्यांना कळता कामा नये!’ ही पाटी उपयोगाची, कारण उद्या काय आहे हे चेहऱ्यावरून कळणार नाही. बोली घरातली ठेवावी. नलू नवऱ्याला ‘अहो’ म्हणते, मधू वसंताला ‘वसंता’ म्हणतो, आणि कोपऱ्यातल्या खोलीतल्या आजोबांना सगळे ‘तात्या’ म्हणतात.

संकलन झाल्यावर पाट्या आणि संगीत काढून टाकलेली प्रत अशा एका व्यक्तीला दाखवावी जिला कथेतले काहीच माहीत नाही. दर दीड मिनिटाने चित्र थांबवून तिला विचारावे : आत्ता कोण कोणाला काय समजतो आहे? उत्तर अडखळले तर त्याआधीच्या खुणेचा क्लोजअप लांबवावा किंवा नवीन घ्यावा. आमच्या दुसऱ्या मूकपटात चिकटपट्टीचे दृश्य मुळात दोन सेकंदांचे होते. शेजारच्या इमारतीतल्या एका काकूंना ती पट्टी दिसलीच नव्हती, म्हणून आम्ही पुन्हा पाऊस पडण्याची वाट पाहून ते दृश्य नव्याने घेतले.

संगीताला पेटी आणि तबला पुरेसा आहे, आणि ते प्रत्यक्ष वाजवावे. आपल्या मूकपटांच्या काळी तसेच वाजत असे. प्रत्येक जोडप्याला एक छोटी धून द्यावी, म्हणजे रेनकोट बदलल्यावरही पेटी ऐकून आत कोण आहे ते कळते. वसंता मधूच्या रेनकोटात असला तरी धून वसंताचीच वाजवावी. पडण्याच्या क्षणी तबल्यावर एकच थाप, आणि गैरसमज डोळ्यांत उतरतो त्या क्षणी दोन्ही वाद्ये पूर्ण बंद. चित्रपटातली प्रसिद्ध गाणी घेऊ नयेत; हक्कांचा प्रश्न येतो आणि लोक गाण्याबरोबर गुणगुणू लागतात.

गणेशोत्सवातल्या कार्यक्रमांत दहा-बारा मिनिटे सहज मिळतात. चौकात पांढरी चादर ताणून बांधावी, खालची कडही बांधावी, नाहीतर वाऱ्याने चेहरे हलतात. आमच्या कथेच्या शेवटी साडी नलूच्या अंगावर येते, कोट वसंताच्या, चौघे लाजून हसतात आणि आत जातात. गॅलरी रिकामी राहते, खुंटीवर दोन रेनकोट, एकाची पट्टी आपल्याकडे. मग कोपऱ्यातल्या खोलीतून तात्यांचा हात येतो आणि पट्टीचा रेनकोट उचलतो, आणि कुसुम आपल्या दारातून बाहेर येताना दिसते. हे शेवटच्या चार सेकंदांत घडते, म्हणून समाप्तीची पाटी पूर्ण उमटेपर्यंत चौकातले दिवे लावू नयेत असे बटणापाशी बसलेल्या मुलाला आधीच सांगून ठेवावे.